ठेका कुणाच्या नावावर? : लेव्हॉन हेल्मचं आत्मचरित्र वाचताना



या मालेत आपण आत्मचरित्रं वाचतो आहोत. आत्मचरित्र बहुधा अशा माणसाचं असतं, ज्याचं नाव लोकांना आधीच ठाऊक असतं. आजचं पुस्तक मागं बसणाऱ्या माणसाचं आहे. अमेरिकेतला एक ड्रमर, लेव्हॉन हेल्म. पुस्तकाचं नाव 'धिस व्हील्स ऑन फायर'. स्टीफन डेव्हिस या लेखकाच्या मदतीनं सांगितलेलं हे पुस्तक १९९३ साली प्रसिद्ध झालं.

तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या माणसानं बारमध्ये ड्रम वाजवणाऱ्याबद्दल काय बोलावं, असं कुणाला वाटेल. पण या पुस्तकात जो प्रश्न आहे तो कलेच्या तत्त्वज्ञानातला जुना प्रश्न आहे. पाच माणसं मिळून एक गाणं उभं करतात, तेव्हा ते गाणं कुणाचं? ज्यानं शब्द आणि चाल रचली त्याचं, की ज्यांच्या हातांतून ते पहिल्यांदा गाणं झालं त्या सगळ्यांचं? आपण वर्गात हा प्रश्न विचारतो, घंटा होते, आपण घरी जातो. हेल्मचं तसं नव्हतं. त्याचं उत्पन्न आणि त्याची सगळ्यात जुनी मैत्री, दोन्ही या प्रश्नात अडकलेली होती. म्हणून आम्हांला हे पुस्तक महत्त्वाचं वाटतं.

आधी माणूस कोण ते पाहू. हेल्मचा जन्म १९४० सालचा, अर्कान्सा राज्यातला. मिसिसिपी नदीच्या काठचा कापसाचा मुलूख. घरची शेती कापसाचीच. जवळच्या हेलेना गावात केएफएफए नावाचं रेडिओ केंद्र होतं आणि त्यावर १९४१पासून 'किंग बिस्किट टाइम' नावाचा कार्यक्रम रोज दुपारी लागायचा. पिठाच्या जाहिरातीसाठी सुरू झालेला हा कार्यक्रम. त्यात सनी बॉय विल्यमसन हा कृष्णवर्णीय गायक माउथ ऑर्गन वाजवायचा आणि त्याच्यामागं पेक कर्टिस नावाचा ड्रमर बसायचा. लहान हेल्म या कर्टिसकडे टक लावून पाहत राहायचा आणि पुढं त्याच्यासारखं वाजवायचा प्रयत्न करायचा, असं त्यानं स्वतःच लिहिलं आहे. हे नाव लक्षात ठेवा. आपण शेवटी त्याच्याकडे परत येणार आहोत.

रॉनी हॉकिन्स हाही अर्कान्साचाच गायक. त्याला ड्रमर हवा होता. हेल्मच्या आईवडिलांची अट एकच: आधी शाळा पुरी कर. १९५८मध्ये शाळा संपली आणि पोरगा गाडीत बसला. मग कॅनडा. ऑन्टारिओ प्रांतातल्या हॅमिल्टन आणि टोरोंटोमधल्या बारना दक्षिणेकडचं असलं रांगडं संगीत नवं होतं, त्यामुळं तिथं काम भरपूर मिळालं. बरोबर आलेले अर्कान्साचे वादक एकेक करून घरी परतले. त्यांच्या जागी कॅनडातली पोरं आली: रॉबी रॉबर्टसन, रिक डँको, रिचर्ड मॅन्युएल आणि शेवटी गार्थ हडसन. हा हडसन शास्त्रशुद्ध शिकलेला. बारमधल्या टोळीत शिरणं त्याच्या घरच्यांना पटण्यासारखं नव्हतं. त्यावर तोड अशी निघाली, की तो संगीतशिक्षक म्हणून रुजू होईल आणि बाकीचे त्याला शिकवणीचे म्हणून आठवड्याला दहा डॉलर देतील. १९६१च्या अखेरीस हे पाच जण एकत्र आले. १९६४मध्ये त्यांनी हॉकिन्सला सोडलं आणि ते स्वतंत्र फिरू लागले. तेव्हा त्यांचं नाव काय होतं? 'लेव्हॉन अँड द हॉक्स'. म्हणजे काही काळ का होईना, मागं बसणाऱ्याचं नाव पुढं होतं.

आता बारमध्ये वाजवणं म्हणजे काय, हे समजून घेऊ. कारण पुस्तकाचा पहिला, आणि आमच्या मते सगळ्यात चांगला, भाग यावरच आहे.

बार बँड मैफलीसाठी नसतो. लोक प्यायला येतात, नाचायला येतात, कधी भांडायलाही येतात. आठवड्यातल्या बहुतेक रात्री, रात्रीत अनेक फेऱ्या, मध्ये थोडी विश्रांती, असा दिनक्रम. पैसे मोजणारा मालक बघतो ते एवढंच, की लोक थांबतात की निघून जातात. ड्रमरच्या वाट्याला तर आणखी दोन गोष्टी येतात. त्याचं सामान सगळ्यात जास्त, म्हणून तो सगळ्यात आधी येतो आणि सगळ्यात शेवटी निघतो. आणि त्याला मध्ये थांबता येत नाही. गिटारवाला एखादी ओळ सोडू शकतो, गाणारा श्वास घेऊ शकतो, शब्द विसरला तर हसून वेळ मारून नेऊ शकतो. ड्रमरचा हात थांबला की गाणंच पडलं. समोर खुर्च्या उडत असल्या तरी ठेका चालू ठेवायचा. बारमधला अलिखित नियमच आहे तो: संगीत चालू राहिलं की मारामारी लवकर विझते.

हॉकिन्सची शिस्त कडक होती. बार बंद झाल्यावर, खुर्च्या उलट्या करून टेबलांवर ठेवल्या, की तालीम सुरू व्हायची आणि ती पहाटेपर्यंत चालायची. आपल्याकडे रियाज म्हटलं की एकांत डोळ्यांसमोर येतो, तंबोरा, पहाटेची शांतता. इथला रियाज सांडलेल्या बिअरच्या वासात. पण त्यातून जे तयार झालं ते रियाजानंच तयार होतं: एकमेकांचा श्वास ओळखणं. वर्षानुवर्षं रोज रात्री एकत्र वाजवलेल्या माणसांना खुणा कराव्या लागत नाहीत. त्यांच्या पुढच्या ध्वनिमुद्रिका ऐकताना एक गोष्ट जाणवते, की कुणीही कुणाच्या वाटेत येत नाही. प्रत्येक जण दुसऱ्यासाठी जागा सोडतो. ही सभ्यता त्यांना शिकवली ती असभ्य म्हणवल्या जाणाऱ्या जागांनी.

ड्रमरला आणखी एक शिक्षण बारमध्ये मिळतं. त्याच्यासमोर नाचणाऱ्यांचे पाय असतात. ठेका जरा घाईत गेला की पाय अडखळतात, जरा सैल झाला की लोक टेबलांकडे वळतात. त्याची परीक्षा दर मिनिटाला, आणि परीक्षक दारू प्यालेले. त्यांना संगीतातलं काही कळत नसेल, पण त्यांच्या पायांना कळतं. हेल्मच्या वाजवण्यात जो गुण सगळे सांगतात तो इथून आला आहे. तो ठोक्याच्या किंचित मागं रेलून वाजवतो. घाई नाही, भरगच्चपणा नाही. ड्रमचा आवाजही दबका, मातीवर पाऊल पडावं तसा. आणि हे करता करता तो गातो. मान एका बाजूला वळवून, हनुवटी माइककडे उचलून गाणारा ड्रमर 'द लास्ट वॉल्ट्झ' या चित्रपटात आपण पाहू शकतो. हात एका हिशेबात, गळा दुसऱ्या.

आता या वाजवण्याला नाव काय द्यायचं? आपल्या भाषेत चटकन 'साथ' हा शब्द येतो. साथ म्हणजे मुख्य कुणीतरी दुसरा. पण आपल्याच परंपरेत दुसरा विचारही आहे. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या दरबारी असलेल्या शार्ङ्गदेवानं 'संगीतरत्नाकर' लिहिला. त्यात 'ताल' या शब्दाची व्युत्पत्ती देताना तो प्रतिष्ठा हा अर्थ सांगतो. प्रतिष्ठा म्हणजे मानमरातब नव्हे, तर पाया, आधार, ज्यावर गोष्ट उभी राहते ती जागा. गायन, वादन, नर्तन ही तिन्ही तालावर प्रतिष्ठित आहेत, असं त्याचं म्हणणं. अमेरिकेतल्या ड्रमरला शार्ङ्गदेव ठाऊक असण्याचं कारण नाही. आपण त्याचं नाव घेतो ते एवढ्यासाठी, की ताल हा गाण्याला नंतर जोडलेला दागिना असतो हे आपल्याला जितकं स्वाभाविक वाटतं तितकं ते आपल्याच शास्त्रकारांना वाटत नव्हतं.

पाश्चात्त्य विचारात काय झालं? नेल्सन गुडमन यांचा 'लँग्वेजेस ऑफ आर्ट' हा गाजलेला ग्रंथ १९६८चा. योगायोग असा, की याच पाच जणांची 'म्युझिक फ्रॉम बिग पिंक' ही पहिली ध्वनिमुद्रिका त्याच वर्षी आली. तोवर त्यांनी नाव घेतलं होतं नुसतं 'द बँड'. गुडमन म्हणतात, संगीतकृतीची ओळख तिच्या स्वरलेखनावरून ठरते. लिहिलेल्या खुणांशी तंतोतंत जुळणारं वादन म्हणजे ती कृती. स्वर चुकला तर कृती बदलली. पण गती सांगणारे शब्द, 'सावकाश', 'द्रुत', हे काटेकोर खुणांत बसत नाहीत, म्हणून ते कृतीच्या व्याख्येबाहेर. अतिशय वाईट लयीत वाजवलेली रचनाही गुडमनच्या मते तीच रचना. तर्क चोख आहे. पण त्याचा परिणाम बघा. ठोक्याच्या किंचित मागं रेलणं हे कागदावर लिहिता येत नाही. म्हणजे हेल्मनं आयुष्यभर जे केलं ते कृतीत मोजलंच जात नाही. तत्त्वज्ञानाची व्याख्या आणि रॉयल्टीचा हिशेब, दोघांनी इथं एकाच जागी रेघ मारली.

ही रेघ हेल्मला पहिल्यांदा टोचली ती मात्र पैशाच्या रूपात नाही, हुर्योच्या रूपात. १९६५ साली बॉब डिलनला साथीला बँड हवा होता. २८ ऑगस्टला न्यू यॉर्कमधल्या फॉरेस्ट हिल्सला आणि ३ सप्टेंबरला हॉलिवुड बोलला हेल्म आणि रॉबर्टसन त्याच्यामागं वाजवायला उभे राहिले. पुढं हेल्मनं सांगितलं, घ्यायचं तर आम्हां सगळ्यांना घ्या. तसं झालं. डिलन स्वतः टोरोंटोला जाऊन या पाच जणांबरोबर तालीम करून आला. आणि दौरा सुरू झाला.

त्या कार्यक्रमांची रचना अशी असे: पूर्वार्धात डिलन एकटा, साधी गिटार आणि माउथ ऑर्गन. सभागृह शांत. उत्तरार्धात बँड, आणि लगेच हुर्यो. गायक तोच, श्रोते तेच, रात्र तीच. बदल काय झाला? मागं माणसं आली, वीज आली, ड्रम आला. म्हणजे हुर्यो नेमकी कशाची उडवली जात होती, हे स्पष्ट आहे.

नोव्हेंबर १९६५च्या अखेरीस हेल्म दौरा सोडून निघून गेला. पुढं काही काळ तो मेक्सिकोच्या आखातातल्या तेलविहिरीवर मजुरी करत होता. दौरा दुसरे ड्रमर घेऊन चालू राहिला. हेल्मला हुर्यो सोसवली नाही, असं याचं कारण सरळ सांगितलं जातं. ते खरंच आहे, तो स्वतः नाकारत नाही. पण आम्हांला त्यात आणखी काही दिसतं. बारमधल्या श्रोत्यांशी त्याचा एक करार होता. चुकलं तर पाय सांगतील, मग हात दुरुस्त करेल. या सभागृहांत लोक खुर्च्यांवर बसलेले. ते ओरडत होते ते वाजवण्यातल्या चुकीमुळं नव्हे, वाजवलं जात आहे म्हणून. अशा नापसंतीवर हाताला उपाय नसतो. ज्याचं सगळं ज्ञान समोरच्यांच्या शरीराकडून आलं त्याला त्या शरीरांनी पाठ फिरवली. त्यापेक्षा तेलविहिरीवरचं काम बरं, तिथं निदान हातोडा कुठं मारायचा ते कळतं.

१९६७मध्ये तो परतला. वुडस्टॉकजवळच्या गुलाबी घरात बाकीचे गाणी करत होते. पुढच्या वर्षी पहिली ध्वनिमुद्रिका, १९६९मध्ये दुसरी, आणि कीर्ती. इथून पुस्तकाचा सूर बदलतो.

वाद थोडक्यात असा. पहिल्या ध्वनिमुद्रिकेत ११ गाणी आहेत. त्यांतली चार रॉबर्टसनच्या नावावर, तीन मॅन्युएलच्या, दोन डिलन आणि बँडमधला एक जण अशी जोडीनं केलेली. पुस्तकाला जे नाव दिलं आहे ते यांतल्याच एका गाण्याचं, डिलन आणि डँको यांच्या संयुक्त नावावरचं. पुढं रॉबर्टसनचं नाव वाढत गेलं, बाकीच्यांची मागं पडली. दुसऱ्या ध्वनिमुद्रिकेत हेल्मचं नाव एका गाण्याला आहे, तेही रॉबर्टसनबरोबर. अमेरिकी कायद्यात गाण्याचा स्वामित्वहक्क शब्दांना आणि चालीला मिळतो. ठेक्याला, साथीच्या मांडणीला त्यात सहसा जागा नसते. गाणं कुणीही कुठंही गायलं तरी पैसे गीतकार-संगीतकाराला. इतकंच काय, तिथल्या साध्या रेडिओवर गाणं लागलं तर आजही पैसे रचनाकाराला आणि प्रकाशकाला मिळतात, गाणाऱ्या-वाजवणाऱ्याला नाही. आपल्याकडे २०१२च्या दुरुस्तीनं कलावंतांच्या रॉयल्टीच्या हक्काला कायद्यात जागा मिळाली. ती प्रत्यक्षात किती पोचते हा वेगळा विषय.

हेल्मचं म्हणणं: गाणी आम्ही सगळ्यांनी मिळून घडवली. उदाहरणार्थ अमेरिकेच्या यादवी युद्धातल्या पराभूत दक्षिणेवरचं गाणं, 'द नाइट दे ड्रोव्ह ओल्ड डिक्सी डाउन'. ते गाण्यात रॉबर्टसन टोरोंटोचा, गाणारा हेल्म अर्कान्साचा. त्या काळाचा इतिहास आणि भूगोल समजावा म्हणून मीच त्याला वाचनालयात नेलं, असं हेल्म लिहितो. म्हणजे मुलूख हेल्मचा, कागद रॉबर्टसनचा. रॉबर्टसनचं म्हणणं शेवटपर्यंत असं, की गाणी मी लिहिली. २०१६मध्ये 'टेस्टिमनी' या आत्मकथनातून त्यानं आपली बाजू मांडली. त्या वेळी उत्तर द्यायला हेल्म नव्हता.

निवाडा करायचा आपल्याला अधिकार नाही, पण पुस्तकाबद्दल बोलायचा आहे. आणि इथं आम्हांला पुस्तक कमी पडतं असं वाटतं. टेबलाशी बसून, खोडून, पुन्हा लिहून गाणं पुरं करणं हेही कष्ट आहेत. बाकीचे झोपलेले किंवा नशेत असताना कुणीतरी ते केलं असेल तर त्याचं मोल नाकारता येत नाही. रॉबर्टसनच्या या कष्टाकडे हेल्म पाहायला तयार नाही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, आपल्यावरचा अन्याय तो कसा मांडतो ते पाहा. मीही लेखकच होतो, माझंही नाव हवं होतं, असा त्याचा सूर. यात त्यानं समोरच्याची मोजपट्टी मान्य करून टाकली. मोल फक्त रचनाकाराला, हे गृहीत धरलं, आणि मग मला रचनाकार म्हणा अशी मागणी केली. पुस्तकाच्या पहिल्या भागात त्यानं स्वतःच दाखवून दिलेलं असतं, की ठेका धरणं ही रचनेहून वेगळी, पण तिच्याइतकीच मूळ गोष्ट आहे. दुसऱ्या भागात रागाच्या भरात तो हे विसरतो. ठेकेवाल्यानं आपण लपलेला कवी आहोत असं सिद्ध करायची गरज नव्हती. ठेका म्हणून ठेक्याचं मोल मागायला हवं होतं.

'द लास्ट वॉल्ट्झ' बद्दलची त्याची तक्रार मात्र अधिक भक्कम आहे. २५ नोव्हेंबर १९७६ला सॅन फ्रान्सिस्कोत बँडचा निरोपाचा कार्यक्रम झाला. मार्टिन स्कॉर्सेसी यांनी त्यावर केलेला हा चित्रपट १९७८मध्ये आला. निर्माता स्वतः रॉबर्टसन. चित्रपट देखणा आहे, वाद नाही. पण कॅमेरा कुणाकडे बघतो ते मोजत बघा. मॅन्युएल आणि हडसन जवळजवळ दिसत नाहीत, हे हेल्मचं निरीक्षण अचूक आहे. आणि बारमधली वर्षं तिथं गमतीच्या किश्श्यांत सांगितली जातात: छप्पर उडालेल्या बारमध्ये वाजवलं, भूक लागली तेव्हा दुकानातून खाण्याच्या वस्तू कपड्यांत लपवून आणल्या. ऐकताना हसू येतं. निरोपाच्या झगमगाटात तो भूतकाळ सुटकेचा भूतकाळ बनतो: एकदाचे सुटलो त्या रस्त्यातून. हेल्मला सुटका नको होती. रस्त्यावर राहणं हेच त्याच्या लेखी काम होतं. ज्याच्या नावावर गाणी आहेत तो घरी बसून जगू शकतो. ज्याचं नाव नाही त्याचा हात चालला तरच घर चालतं.

पुढं झालंही तसंच. १९८३मध्ये रॉबर्टसनशिवाय बाकीचे पुन्हा फिरू लागले. एकेकाळी मोठमोठी मैदानं भरवणारी माणसं परत लहान जागांत. ४ मार्च १९८६ला फ्लॉरिडातल्या एका लाउंजमधला कार्यक्रम संपवून रिचर्ड मॅन्युएल खोलीवर गेला आणि त्यानं जीवन संपवलं. अशा घटनेचं एकच कारण सांगणं उथळपणाचं ठरेल. हेल्मनं त्या रात्रीबद्दल लिहिलं आहे ते वाचताना एवढंच कळतं, की रोज शेजारी बसून वाजवणाऱ्याचा आवाज थांबला की ठेका धरणाऱ्याला काय होतं.

आता पेक कर्टिसकडे येऊ. हेल्म विचारतो, गाणं माझ्याही नावावर का नाही? मग आपण विचारलं पाहिजे, तुझा ठेका कुणाच्या नावावर? तो आला पेक कर्टिसकडून, सनी बॉयच्या रेडिओकडून, कापसाच्या शेतांतून फिरणाऱ्या तंबूतल्या खेळांकडून. त्या कृष्णवर्णीय वादकांना तर गाण्यांचा हक्क राहू द्या, एका टेबलाशी बसून जेवायचा हक्क नव्हता. १९६५ सालची हकिगत पुस्तकात आहे. हेल्म आणि साथीदार सनी बॉयला हेलेनात भेटले, एकत्र वाजवलं, जेवायला बसले, आणि पोलिसांनी येऊन त्यांना हुसकावलं. थोड्याच दिवसांत सनी बॉय वारला.

हेल्म हे ऋण लपवत नाही. तो नावं घेतो, प्रेमानं घेतो. निरोपाच्या कार्यक्रमातून मडी वॉटर्सला वगळायचं चाललं होतं तेव्हा आपण अडून बसलो, असंही तो सांगतो. पण स्वतःच्या हिशेबाची वही उघडताना ही जुनी बाकी तो त्यात धरत नाही. धरली असती तर पुस्तक आणखी मोठं झालं असतं. कारण मग कळतं, की ठेक्याला एक मालक सापडणारच नाही. तो घेतला जातो आणि पुढं दिला जातो. म्हणून वादकाला मोबदला नको, असा अर्थ कुणी काढू नये. उलट मालकी ठरवता येत नाही तिथं वाटा ठरवायला हवा, आणि ज्यांच्याकडून घेतलं त्यांची नावं आणि जागा राखायला हवी.

याचं उत्तर हेल्मनं पुस्तकात दिलं नाही, पुस्तकानंतर जगून दिलं. १९९८मध्ये त्याला घशाचा कर्करोग झाला, आवाज गेला. उपचारांचा खर्च डोक्यावर. २००४पासून त्यानं वुडस्टॉकमधल्या आपल्या घराच्या कोठारातच कार्यक्रम सुरू केले. त्यांना नाव दिलं 'मिडनाइट रॅम्बल', लहानपणी पाहिलेल्या तंबूतल्या खेळांच्या उत्तररात्रीच्या प्रयोगाची आठवण म्हणून. आवाज हळूहळू परतला, खरखरीत. 'डर्ट फार्मर' ही २००७ची ध्वनिमुद्रिका त्याच आवाजातली, आणि तिला ग्रॅमी मिळालं. या कोठारात अनेक गायक-वादक येऊन जात आणि यजमान ड्रमपाशी बसून त्यांना ठेका देई. १९ एप्रिल २०१२ला तो गेला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या दारात वाजवणाऱ्यानं शेवटी आपलं दार उघडलं.

तेव्हा या पुस्तकाबद्दल आमचं मत असं. खटल्यातली कैफियत म्हणून ते एकतर्फी आहे. साक्ष म्हणून मात्र मोलाचं आहे, कारण मागं बसणाऱ्याला पुढचं कसं दिसतं हे इतक्या तपशिलानं सांगणारी पुस्तकं फार थोडी आहेत. वाचायचं ठरवलंत तर पहिली निम्मी पानं सावकाश वाचा, उरलेली वाचताना रॉबर्टसनचं पुस्तक शेजारी ठेवा. आणि त्याआधी 'द वेट' हे गाणं एकदा फक्त ड्रमकडे कान देऊन ऐका. शब्द सोडून द्या, चाल सोडून द्या. मग पुन्हा सगळं ऐका, आणि त्यातलं कागदावर किती मावलं असतं ते स्वतःलाच विचारा.

प्रश्न असतील तर जरूर पाठवा, पुढच्या वेळी त्यांच्यापासूनच सुरुवात करू. आज इथं थांबू या.